नवा मनोरा आणि जुनी डिश

अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणी सुरू करण्याचा पहिला प्रयत्न १९५१ साली फसला, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिम या संस्थेच्या रंगीत पद्धतीला तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९५० मध्ये मान्यता दिली होती. रंग चांगले उतरत असत. परंतु लोकांच्या घरी त्या वेळी जे लक्षावधी कृष्णधवल संच होते, त्यांच्यावर या पद्धतीचे चित्र उमटतच नसे. म्हणजे नवा कार्यक्रम सुरू झाला की जुन्या संचाच्या मालकापुढे निरर्थक रेषांखेरीज काही राहत नसे. जून १९५१ मध्ये सुरू झालेले ते प्रक्षेपण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बंद पडले. कोरियातील युद्धामुळे आलेली मालाची टंचाई हे त्याचे जाहीर कारण होते. खरे दुखणे मात्र त्या जुन्या संचांचेच होते. डिसेंबर १९५३ मध्ये जी दुसरी पद्धत मान्य झाली, तिच्यात प्रकाशाची माहिती पूर्वीच्याच जागी ठेवून रंगाची माहिती एका निराळ्या उपलहरीवर बसविलेली होती. जुन्या संचाला रंगाची भाषा कळत नसे; पण त्याचे स्वतःचे चित्र त्याला पूर्वीसारखेच मिळे. आपल्याकडे १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले, तेव्हा घरोघरचे कृष्णधवल संच कोणालाही फेकून द्यावे लागले नाहीत, ते याच विचारामुळे.

हाच प्रश्न आज खेड्यापाड्यांतील छपरांवर पुन्हा उभा आहे, आणि या वेळी तो करमणुकीपुरता नाही. ज्या वस्तीपर्यंत काचतंतूची तार नेणे परवडत नाही, तेथे एखाद्या उंच मनोऱ्यावर बिनतारी प्रक्षेपक बसवितात, आणि शाळेच्या कौलांवर, दवाखान्याच्या गच्चीवर, शेतकऱ्याच्या घरावर एक लहान डिश किंवा चपटा अँटेना त्या मनोऱ्याकडे तोंड करून बसवितात. हा स्थिर बिनतारी इंटरनेट होय. मोबाइल फोनची गोष्ट वेगळी. फोन दोन-चार वर्षांनी बदलला जातो, आणि त्याचा मालक तो स्वतः दुकानात जाऊन बदलतो. छपरावरची डिश एकदा चढविली की आठ-आठ, दहा-दहा वर्षे तेथेच राहते. ती बदलावयाची तर शिडी हवी, माणूस हवा, नवीन यंत्राची किंमत हवी. त्यामुळे मनोऱ्यावरील यंत्र बदलण्याची वेळ आली म्हणजे खालच्या शेकडो जुन्या डिशांचे काय करावयाचे, हा हिशेब आधी मांडावा लागतो.

तमिळनाडूतील थेनी भागाचे उदाहरण येथे बोलके आहे. अरविंद नेत्र रुग्णालयाने अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांच्या साहाय्याने तेथील ग्रामीण दृष्टिकेंद्रे बिनतारी जाळ्याने रुग्णालयाशी जोडली. खेड्यातील रुग्ण केंद्रात बसतो आणि दूरच्या रुग्णालयातील डॉक्टर पडद्यावरून त्याच्याशी बोलतो, अशी ती व्यवस्था. यासाठी वापरलेली यंत्रे बाजारात मिळणाऱ्या साध्या वाय-फायचीच होती. पण ती जशीच्या तशी चालण्यासारखी नव्हती. वाय-फायची रीत अशी की, बोलण्यापूर्वी प्रत्येक यंत्राने कानोसा घ्यावयाचा, आणि बोलल्यावर समोरून पोच येईपर्यंत थांबावयाचे. एका खोलीत हे ठीक. परंतु अंतर कित्येक किलोमीटरचे झाले की पोच येण्यास लागणारा वेळ त्या यंत्राच्या सहनशक्तीपलीकडे जातो. पोच वाटेत असतानाच ते निरोप हरवला असे समजून पुन्हा पाठवीत बसते. म्हणून संशोधकांनी कानोसा घेण्याची रीत काढून टाकली आणि दोन्ही टोकांना ठरलेल्या घटकेला आळीपाळीने बोलावयास लावले. जाळे उत्तम चालले. मात्र त्या क्षणापासून ती यंत्रे बाजारातील इतर वाय-फाय यंत्रांची सोबती राहिली नाहीत. एक टोक बदलावयाचे तर दुसरेही त्याच वेळी बदलले पाहिजे, हे बंधन त्यांच्या गळ्यात पडले.

मनोऱ्यावरून इंटरनेट पुरविणारे बहुतेक व्यावसायिक याच वाटेने गेले आहेत. निरनिराळ्या कारखान्यांच्या डिशांत आतील चिप कित्येकदा एकच असते. पण पाळी वाटून देण्याची प्रत्येकाची रीत स्वतःची, गुप्त आणि इतरांना अनोळखी. त्यामुळे एका कारखान्याची डिश दुसऱ्याच्या मनोऱ्याशी बोलत नाही. इतकेच काय, एकाच कारखान्याच्या जुन्या व नव्या पिढीतही कधीकधी अबोला असतो. विकत घेताना ही गोष्ट कोणी विचारीत नाही, आणि विकणाराही आपण होऊन सांगत नाही.

घरातल्या वाय-फायने मात्र जुन्यांचा मान ठेवला आहे, आणि तो कसा ठेवला हे पाहण्याजोगे आहे. या पद्धतीचे पहिले मानक १९९७ साली निघाले. त्याचा वेग सेकंदाला २० लाख बिट, म्हणजे २ मेगाबिट होता. १९९९ मध्ये तो एका शाखेत ११ आणि दुसरीत ५४ मेगाबिट झाला. पुढे २००३, २००९, २०१३ आणि २०२१ मध्ये नवनवीन पिढ्या आल्या. परंतु ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आजची नवी यंत्रेही आपल्या प्रत्येक निरोपाच्या आरंभी सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी वीस भाग १९९९ सालच्या बोलीत बोलतात. त्या वीस भागांत नव्या मजकुराचे काहीच नसते. ‘अमुक इतका वेळ हवा व्यापलेली आहे’ एवढेच त्यातून जुन्या यंत्राला कळते, आणि मग ते तेवढा वेळ गप्प बसते. पुढचे बोलणे त्याला समजत नाही. समजण्याची गरजही नसते. घरी पाहुणे आले असता नव्या पिढीची मंडळी आपसांत इंग्रजीत बोलू लागण्यापूर्वी आजोबांना मराठीत दोन शब्द सांगून घेतात, तशातलाच हा प्रकार. अभियंत्यांच्या हातून अशी सभ्यता क्वचितच घडते.

ही सभ्यता फुकट नाही. बिनतारी जाळ्यात खरी संपत्ती म्हणजे हवेतील वेळ होय. मनोऱ्याच्या एका दिशेला असलेल्या सर्व डिशांना मिळून एकच वेळ वाटून घ्यावयाचा असतो. समजा, नवी डिश सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने बोलू शकते आणि जुनी केवळ १०. दोघींच्या घरी एकाच प्रकारचा चलच्चित्रपट पाहिला जात आहे, आणि त्याला सेकंदाला ४ मेगाबिट लागतात. नव्या डिशीने हवेतील वेळेचे शंभरातील चार हिस्से घेतले, तर तेवढ्याच कामाला जुनी डिश शंभरातील चाळीस हिस्से खाऊन बसते. म्हणजे अशा दोन जुन्या डिशा एकाच वेळी कामाला लागल्या की उरलेल्या सर्व वस्तीला वीसच हिस्से राहतात. साध्या वाय-फायमध्ये हे आणखी ठळक दिसते. दीड हजार अक्षरांचा, म्हणजे १२ हजार बिटांचा एक पुडका ५४ मेगाबिटांनी पाठवावयास सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी सुमारे २२२ भाग लागतात. तोच १ मेगाबिटाने पाठवावयास १२ हजार भाग. प्रत्येकाला निरोप पाठविण्याची संधी समान दिली, तर एक मंदगती सोबती साऱ्यांना आपल्या पावलाने चालावयास लावतो. म्हणून शहाण्या जाळ्यांत समानता निरोपांची नव्हे, वेळेची ठेवतात. जुन्या डिशीला तिची घटका मिळते. त्या घटकेत जेवढे बोलता येईल तेवढे तिने बोलावे.

यावरून जुन्या यंत्रांना सांभाळण्याचा खर्च कोण देतो हे स्पष्ट होईल. तो मनोऱ्याचा मालक देत नाही, शेजारी देतो. आणि शेजाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. आपला वेग का घटला असे तो विचारतो, तेव्हा त्याला हवामानाचे नाव सांगण्यात येते.

मग जुने सर्व एकदम काढून टाकावे काय? तसे केल्यास काय होते हे अमेरिकेत २०१५ साली दिसून आले. तेथे २.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा एक लहरींचा पट्टा १९६३ मध्ये शिक्षणसंस्थांना शैक्षणिक दूरचित्रवाणीसाठी देण्यात आला होता. पुढे इंटरनेटचे दिवस आले. त्या संस्थांपैकी अनेकांनी आपल्या लहरी क्लिअरवायर या कंपनीला भाड्याने दिल्या, आणि मोबदल्यात शाळांना, ग्रंथालयांना व लोकसेवी संस्थांना स्वस्त इंटरनेट मिळावा असे करार केले. कंपनीने त्या लहरींवर वायमॅक्स नावाच्या पद्धतीचे जाळे उभारले. ते २००८ पासून पसरत गेले. परंतु जगातील मोबाइल कंपन्यांनी वायमॅक्सऐवजी एलटीई या प्रतिस्पर्धी पद्धतीची कास धरली. २०१३ मध्ये स्प्रिंट कंपनीने क्लिअरवायर पूर्णपणे ताब्यात घेतली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये वायमॅक्सचे मनोरे बंद करण्याचे ठरविले.

लहरी त्याच होत्या, मनोरे पुष्कळसे तेच होते. दोन्ही पद्धतींची मूळ कल्पनाही एकाच कुळातील: एका रुंद मार्गाऐवजी शेकडो बारीक उपलहरींवर माहिती वाटून देणे. पण वायमॅक्सच्या उपलहरी एकमेकींपासून सुमारे १०.९४ किलोहर्ट्झवर, तर एलटीईच्या १५ किलोहर्ट्झवर. एकीचा कालखंड ५ सहस्रांश सेकंदांचा, दुसरीचा १० सहस्रांशांचा. मोडी वाचणाऱ्यापुढे उर्दूचे पान ठेवावे तशी स्थिती. लेखणी, शाई, कागद सारखेच, वाचन अशक्य. म्हणून खिडकीत ठेवलेली प्रत्येक वायमॅक्स पेटी बदलणे भाग होते.

शाळांना व संस्थांना स्वस्त इंटरनेट पुरविणाऱ्या मोबाइल बीकन आणि मोबाइल सिटिझन या दोन संस्था तेव्हा मॅसॅच्युसेट्स राज्याच्या न्यायालयात गेल्या. त्यांपैकी पहिली नॉर्थ अमेरिकन कॅथलिक एज्युकेशनल प्रोग्रॅमिंग फाउंडेशन या जुन्या शैक्षणिक प्रक्षेपण संस्थेने स्थापलेली. वाद वरवर पाहता पेट्यांचा, वस्तुतः कराराच्या अटींचा होता. जुन्या जाळ्यावर वापराला मर्यादा नव्हती. नव्यावर ठराविक वापर झाला की वेग उतरविला जाणार होता. कंपनीचे म्हणणे असे की सूचना फार पूर्वी दिलेली आहे. न्यायालयाने काही शहरांतील वायमॅक्स आणखी नव्वद दिवस चालू ठेवावे असा आदेश दिला, आणि २०१६ च्या आरंभी ते जाळे अखेर मिटले. यांत कोणाचा कायदा बरोबर होता हे बाजूला ठेवले, तरी एक गोष्ट उरते. यंत्र बदलण्याच्या निमित्ताने करारही बदलला जातो, आणि तो बदल ग्राहकाला बहुधा नव्या पेटीबरोबरच कळतो.

वायमॅक्सच्या नावातही एक फसवणूक होती. २००४ चे स्थिर जागेसाठीचे मानक आणि २००५ चे फिरत्या वापराचे मानक, दोन्हींना लोक वायमॅक्सच म्हणत. पण एकाची यंत्रे दुसऱ्याशी जुळत नसत. पेटीवरचे नाव पाहून खरेदी करणाऱ्याला हे कसे कळावे?

जुन्या-नव्याची सांगड घालण्याची तिसरी एक वाट आहे, आणि ती महाराष्ट्रात पाहावयास मिळते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने पालघर भागातील खेड्यांत केलेल्या प्रयोगात दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील रिकाम्या लहरी इंटरनेट वाहून नेण्यासाठी वापरल्या. ४७० मेगाहर्ट्झच्या पुढच्या या लहरी झाडीतून व उंचसखल भागातून बऱ्या जातात. त्यासाठी लागणारी यंत्रे मात्र खेड्यातील कोणाकडेही असणे शक्य नव्हते. म्हणून गावापर्यंतचा टप्पा या नव्या लहरींनी आणि गावातला टप्पा साध्या वाय-फायने, अशी विभागणी केली गेली. लोकांच्या हातातील कोणताही साधा फोन त्यामुळे चालला. दोन्ही टप्प्यांमध्ये सांधा एका सामान्य तारेचा. उद्या वरचा टप्पा पूर्ण बदलला तरी गावातल्या माणसाला आपली वस्तू बदलण्याचे कारण नाही. या कामातून पुढे आलेल्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिला संस्थेचे पारितोषिक मिळाले. पारितोषिकापेक्षा तो तारेचा सांधा अधिक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आता प्रत्यक्ष बदलाच्या दिवसाच्या काही गोष्टी. त्या क्षुल्लक वाटतात, पण घोटाळे बहुधा त्यांच्यातच होतात. पुष्कळ जुन्या डिशांना वीज त्यांच्या संदेशाच्या तारेतूनच, २४ व्होल्ट दाबाने दिली जाते. नव्या यंत्रांपैकी अनेकांना मानकाप्रमाणे ४८ व्होल्टच्या आसपास दाब लागतो. तारेचे टोक दोन्हीकडे सारखेच बसते. जुना पुरवठा नव्या यंत्राला लावला तर ते फक्त सुरू होत नाही. उलट केले आणि त्या पुरवठ्यात यंत्राची आधी चौकशी करण्याची सोय नसली, तर जुने यंत्र जळते. दहा वर्षे ऊनपावसात राहिलेली तीच तार नव्यासाठी वापरण्याचा मोहही होतो, आणि मग दोष नव्या यंत्राच्या माथी येतो.

दुसरी गोष्ट रुंदीची. नवी यंत्रे वेगासाठी लहरींचा रुंद मार्ग वापरतात. जुन्या काळी २० मेगाहर्ट्झ पुरत. आता ८० घेतात. मार्ग चौपट रुंद केला की आत शिरणारा गोंगाटही चौपट होतो, म्हणजे ६ डेसिबलने वाढतो. शिवाय अधिक वेगाची सांकेतिक रचना गोंगाटाला फार नाजूक असते. परिणाम असा की, ज्या घराची जुनी डिश मध्ये आंब्याची एक फांदी असूनही दहा वर्षे निमूट चालत होती, तेथे नवी बसविल्यावर संबंध तुटू लागतो. ग्राहक म्हणतो, जुनेच बरे होते. आणि त्या जागेपुरते त्याचे म्हणणे खरे असते. अशा ठिकाणी मार्ग अरुंद करणे हाच उपाय, जरी जाहिरातीतला वेग त्याने मिळत नसला तरी. कोकणात व गोव्यात डिश बसविण्याचे काम बहुधा कोरड्या दिवसांत होते. पावसाने पालवी दाट होते, पाने भिजतात, आणि एप्रिलमध्ये मोजलेला संबंध जुलैत राहत नाही.

अँटेनाच्या दिशेचेही असेच. काही जुन्या डिशा लहरी केवळ उभ्या किंवा केवळ आडव्या धाटणीने घेतात. नवे प्रक्षेपक दोन धाटणींनी एकाच वेळी बोलतात, आणि काही ठिकाणी त्या तिरप्या असतात. उभ्या डिशीला तिरप्या लहरीतील अर्धीच शक्ती मिळते. एवढ्याने जवळचे घर तुटत नाही, पण पट्ट्याच्या टोकावरचे घर तुटते.

आणि क्रम. यंत्रातील आज्ञावली बदलावयाची असते, तेव्हा सर्वांत दूरच्या डिशीपासून आरंभ करून मनोऱ्याकडे यावे, असा जाणकारांचा प्रघात आहे. मनोऱ्याची आज्ञावली आधी बदलली आणि जुन्या डिशांना ती समजली नाही, तर त्यांच्याशी बोलण्याचे साधनच उरत नाही. मग प्रत्येक छपरावर माणूस चढवावा लागतो. हे उघड आहे. तरीही घाईत मनोराच आधी बदलला जातो.

भारतात या विषयाला आता नवी निकड आली आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ परवान्यावाचून वापरण्यास मोकळे केले. त्यापूर्वीच्या जुन्या यंत्रांपैकी काहींना त्या पट्ट्याच्या सर्व भागांत जाताच येत नाही. एका दाट कोपऱ्यात ती अडकून पडतात, आणि नवीन मोकळ्या जागेत स्थलांतर करावयाचे तर मनोऱ्यावर दोन यंत्रे शेजारी शेजारी चालवावी लागतात. असे शेजार काही काळ ठेवणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग, मात्र दोन्ही यंत्रांची बोलण्याची व ऐकण्याची वेळ एकाच घड्याळाने बांधलेली पाहिजे. नाही तर एक ऐकत असताना दुसरे कानाशी ओरडते. हे घड्याळ बहुधा उपग्रहावरून घेतात.

मोठ्या कंपन्यांच्या बाजूला २०२३ पासून पाचव्या पिढीच्या मोबाइल लहरींवर घरगुती इंटरनेट देण्याची चढाओढ सुरू झाली. जिओने आपले पाचव्या पिढीचे जाळे आरंभापासून स्वतंत्र पायावर उभारले. एअरटेलने ते आधी चौथ्या पिढीच्या आधाराने चालविले. आधारावर चालणाऱ्या जाळ्यासाठी घडविलेले यंत्र, त्यातील आज्ञावली परवानगी देत नसेल, तर स्वतंत्र जाळ्यावर निरुपयोगी ठरते, जरी पेटीवर दोन्हीकडे ‘फाइव्ह-जी’ हेच अक्षर छापलेले असले तरी.

म्हणून ज्या शाळेच्या, पतपेढीच्या किंवा दवाखान्याच्या छपरावर अशी डिश आहे, तिच्या चालकांनी मनोरा बदलण्याची सूचना आल्यावर लेखी उत्तर मागावे. जुने यंत्र किती महिने चालेल? नव्याची किंमत कोण देणार? वापराची अट तीच राहणार की बदलणार? आणि दोन्ही जाळी काही दिवस एकत्र चालणार असतील, तर जुन्याचा शेवटचा दिवस कोणता? शाळांच्या बाबतीत तो दिवस परीक्षेच्या आठवड्यात येऊ नये, एवढे तरी आधी ठरवून घेता येते.